चक्का कधी घट्ट, कधी सैल: प्रयोगाची मांडणी

आपण लिहिले आहे की दूध तापवण्याचे तापमान, विरजणाचे प्रमाण आणि चक्का टांगण्याचा वेळ एकेक करून बदलून पाहिले, तरी चक्क्यातील घनपदार्थ कधी २८ टक्के, तर कधी ३३ टक्के भरतात. किमान ३० टक्क्यांची कायदेशीर अट असताना हा चढउतार परवडणारा नाही. माझ्या मते खोट मोजमापात नसून एका वेळी एकच घटक हलवण्याच्या पद्धतीत आहे.

दूध जास्त तापवले की निवळीतील प्रथिने केसिन या दुधातल्या मुख्य प्रथिनाला चिकटतात आणि दही पाणी धरून ठेवते; उतारा, म्हणजे तेवढ्याच दुधातून मिळणारा चक्का, वाढतो, पण निवळी सावकाश गळते. समजा, ८५ अंशांना तापवलेल्या दुधाचे दही ८ ऐवजी १२ तास टांगल्याने घनपदार्थ २८ वरून ३२ टक्क्यांवर गेले आणि ९२ अंशांच्या दुधात २७ वरून जेमतेम २८ झाले, तर टांगण्याचा वेळ वाढवण्याचा सल्ला पहिल्या दुधाला लागू आणि दुसऱ्याला निरुपयोगी ठरतो. एका घटकाचा परिणाम दुसऱ्याच्या पातळीवर अवलंबून असण्याची ही आंतरक्रिया एकेक घटक बदलून हाती लागत नाही.

म्हणून तिन्ही घटकांच्या दोन-दोन पातळ्यांच्या आठही जोड्या करून पाहाव्यात आणि मधल्या पातळीवर आणखी तीन बॅच घ्याव्यात. काहीही न बदलता किती फरक पडतो, हे त्या तीन बॅच सांगतात, आणि ते कळल्याशिवाय बाकीच्या आकड्यांना अर्थ नाही.

बॅचचा क्रम मात्र सरळ चिठ्ठ्या टाकून ठरवावा. इंग्लंडमधील रोथॅमस्टेड या कृषी संशोधन केंद्रात शेतीच्या प्रयोगांसाठी संख्याशास्त्रज्ञ रोनाल्ड फिशर यांनी धरलेला हा आग्रह कारखान्यात गैरसोयीचा वाटतो. आम्हीही एकदा सोय पाहून कमी तापमानाच्या सगळ्या बॅच सोमवारी आणि जास्त तापमानाच्या मंगळवारी घेतल्या. मंगळवारी म्हशीचे दूध जास्त आले होते, आणि फरक तापमानाचा होता की दुधाचा, हे आजतागायत कळलेले नाही. दोन दिवस लागणारच असतील, तर आठ जोड्या चार-चार अशा वाटाव्यात की प्रत्येक घटकाची प्रत्येक पातळी दोन्ही दिवशी दोनदा येईल, आणि चिठ्ठ्या त्या-त्या दिवसापुरत्या टाकाव्यात.

प्रयोगातून निवडलेल्या पातळ्यांवर चार-पाच बॅच काढून खात्री झाली की मगच रोजचा नियंत्रण तक्ता, म्हणजे रोजचे आकडे ठरलेल्या मर्यादेत आहेत का हे दाखवणारा आलेख, सुरू करावा. प्रयोगाच्या वेळी घनपदार्थांसोबत उतारा आणि आम्लताही टिपावी, कारण टांगण्याची खोली थंड नसेल तर १२ तासांत चक्का घट्ट होतो खरा, पण श्रीखंडात साखर वाढवावी लागेल इतका आंबटही होतो.