नवरा कॅनडात पीआर (कायमचा रहिवासी), मी ठाण्यात, स्पाउस स्पॉन्सरशिपची (जोडीदाराला तिकडे बोलावून घेण्याच्या अर्जाची) फाइल १४ महिने अडकलीय, काय करू?

ताई, आधी नवऱ्याला जीसीएमएस नोट्स (कॅनडाच्या इमिग्रेशन खात्यातल्या तुमच्या फाइलच्या नोंदी) मागवायला सांगा, तो पीआर आहे म्हणजे त्याला अर्ज करता येतो, फी फक्त ५ डॉलर, आणि फाइल सिक्युरिटीत (पार्श्वभूमीच्या तपासणीत) अडकलीय का एलिजिबिलिटीत (पात्रतेच्या तपासणीत) ते त्यातून कळतं, एजंटला उगाच पैसे देऊ नका प्लीज. मेडिकल तपासणी १२ महिनेच चालते, संपली असेल तर परत करायला सांगू शकतात, घाबरू नका. पीसीसी (पोलिस क्लिअरन्स सर्टिफिकेट) नवी मागितली तर वागळे इस्टेटच्या पासपोर्ट सेवा केंद्रात अपॉइंटमेंट घ्या. मराठीतला प्रत्येक कागद इंग्रजी भाषांतरासकट द्या, आमचे दोन महिने त्यातच गेले. मधल्या काळात व्हिजिटर व्हिसाही टाकता येतो, मिळेलच असं नाही पण टाका. रोज उठून मेल बघणं काय असतं ते मी भोगलंय हो.