उत्तर: पाच वर्षांचा करार मिळतोय, लगेच सही करावी का?

तुमच्या समुपदेशन केंद्राचं अनुदान आजवर वर्षावर्षाने वाढवून मिळायचं. आता खात्याने पहिल्यांदाच पाच वर्षांचा करार पुढे केलाय, विश्वस्त खूश आहेत आणि धाकधूक फक्त तुम्हाला आहे, असं तुम्ही लिहिलंय. धाकधूक रास्त आहे. सही कराच, पण आधी मुदतीचं कलम बाजूला ठेवून बाकीची पानं वाचा.

मुदतीला किंमत नाही असं नाही. एका वर्षाच्या करारात सुरुवातीचे महिने माणसं नेमण्यात आणि शेवटचे पुढच्या अर्जात जातात; काम काय ते मधल्या काळात. ऑस्ट्रेलियाच्या प्रॉडक्टिव्हिटी कमिशनने, म्हणजे सरकारला धोरणांवर सल्ला देणाऱ्या आयोगाने, 2017 च्या मानवी सेवांवरच्या अहवालात कुटुंब आणि समाजसेवांचे करार सर्वसाधारणपणे 7 वर्षांचे, आणि दुर्गम आदिवासी वस्त्यांमध्ये 10 वर्षांचे असावेत अशी शिफारस केली. तेव्हा पाच म्हणजे काही फार मोठी मेहेरबानी नाही.

आता करार रद्द करण्याचं कलम शोधा. ‘कोणतेही कारण न देता 30 दिवसांच्या सूचनेने’ असं काही दिसलं, तर तुमच्या हातात पाच वर्षांचा नव्हे, तीस दिवसांचा करार आहे. इंग्लंडमध्ये सरकार आणि स्वयंसेवी क्षेत्र यांच्यातल्या 2010 च्या ‘कॉम्पॅक्ट’ नावाच्या समझोत्यात निधी थांबवायचा किंवा बदलायचा तर किमान तीन महिन्यांची लेखी सूचना द्यावी असं ठरलं होतं. त्याला कायद्याचं बळ नव्हतं, पण मागणी करताना दाखला म्हणून उपयोगी पडतो. मी स्वतः सहा महिने मागतो. मंजूर झालेले तीनच झाले तरी, जागेचा भाडेकरार आणि कर्मचाऱ्यांची नोटीस त्यात कशीबशी बसते.

सगळ्यात जास्त वेळ वार्षिक वाढीवर घालवा, कारण संस्था इथेच बुडतात आणि बुडताना कळतही नाही. समजा दरवर्षीची रक्कम ठरीव आहे आणि तुमचे पगार, भाडं वगैरे वर्षाला 4 टक्क्यांनी वाढतंय. पाचव्या वर्षी त्याच शंभर रुपयांत पहिल्या वर्षीच्या हिशेबाने जेमतेम 85 रुपयांचं काम होईल. लाभार्थ्यांचा आकडा मात्र करारात तेवढाच राहतो! मग तूट कोण भरतं? कमी पगारावर राबणारी तुमचीच माणसं. म्हणून वाढ ‘शक्य झाल्यास’ नको. ती महागाईच्या किंवा वेतनाच्या जाहीर निर्देशांकाला बांधून मागा. खातं अगदीच ऐकेना, तर रक्कम न वाढल्यास उद्दिष्टही त्या प्रमाणात कमी होईल, एवढं तरी लिहून घ्या. हे दुसरं कलम मिळवणं पुष्कळदा सोपं जातं, कारण त्यात आज कोणाला पैसे सोडावे लागत नाहीत.

आस्थापना खर्चावरही अडून राहा. हिशेबनीस, लेखापरीक्षण, संगणक, विमा हे सगळं संस्थेने देणग्यांतून भागवावं असं अधिकाऱ्यांना वाटतं. अमेरिकेच्या केंद्र सरकारनेसुद्धा, ज्या संस्थांचा अशा अप्रत्यक्ष खर्चाचा दर वेगळा ठरलेला नाही त्यांना सरसकट लावता येणारी टक्केवारी ऑक्टोबर 2024 पासून 10 वरून 15 पर्यंत नेली.

‘अर्थसंकल्प वर्षाचा असतो, आमचे हात बांधलेले आहेत’ हे उत्तर येणारच. ते अर्धंच खरं आहे. विधिमंडळ पैसा वर्षापुरता मंजूर करतं, म्हणून करारात ‘तरतुदीच्या अधीन’ हे शब्द राहतील, त्यावर भांडू नका. पण रस्त्यांच्या देखभालीचे अनेक वर्षांचे करार हीच सरकारं करतात. तिथे जमतं, इथे का नाही, हे बैठकीत शांतपणे विचारा.

शेवटचं कलम बहुतेक मसुद्यांत नसतंच: पुढचा निर्णय कधी कळणार? करार संपायच्या आठवडाभर आधी मुदतवाढीचं पत्र आलं, तर तोवर तुमचे अनुभवी समुपदेशक दुसरीकडे रुजू झालेले असतात. त्यांना दोष देता येत नाही, त्यांचेही हप्ते असतात. आणि ज्या बाईने पाच-सहा भेटींनंतर कुठे तोंड उघडलं, तिला पुन्हा नव्या माणसापुढे पहिल्यापासून सुरुवात करावी लागते. त्यातल्या काही जणी परत येतच नाहीत. नूतनीकरणाचा निर्णय मुदत संपण्याच्या किमान सहा महिने आधी लेखी कळवावा, आणि तो न कळवल्यास करार त्याच अटींवर आपोआप सहा महिने पुढे चालू राहावा, अशी मागणी करा.

चारही गोष्टी मिळणार नाहीत. एकच निवडायची वेळ आली तर मी वार्षिक वाढ धरून बसेन. विश्वस्तांना पटवायला पाच वर्षांचा पगारखर्च आणि अनुदान शेजारी शेजारी मांडून न्या. मसुद्यातलं रद्द करण्याचं कलम खात्याचं नाव काढून इथे टाकलंत, तर त्यात कोणते शब्द बदलून मागायचे ते बघतो.