आर्ग्यू, क्लेम, असर्ट, मेन्टेन, कन्टेंड : कधी कोणतं वापरायचं?

इंग्रजीत शोधनिबंध लिहिताना दुसऱ्याचं म्हणणं सांगायला यातलं कोणतं क्रियापद घ्यायचं, असं तुम्ही विचारलंय. शब्दकोशात सगळ्यांपुढे थोड्याफार फरकाने एकच अर्थ दिसतो, म्हणून घोळ होतो. मी आधी एवढंच बघतो, की बोलणाऱ्याने कारणं दिली आहेत का?

दिली असतील तर आर्ग्यू. समजा एका संशोधिकेने लिहिलंय की नदीकाठी भिंती बांधल्याने खालच्या भागात पूर वाढतो. त्यासाठी तिने प्रवाहाची मोजमापं दिली, पात्र अरुंद झालं की पाणी कसं चढतं ते दाखवलं. इथे 'शी आर्ग्यूज दॅट' हवं. 'शी क्लेम्स दॅट' लिहिलंत तर व्याकरण चुकत नाही, पण वाचणाऱ्याला 'ती म्हणते खरी, पण...' असा सूर ऐकू येतो. तिची सगळी मेहनत एका शब्दाने संशयात जाते. असं वाचलं की मला मनापासून वाईट वाटतं, कारण लिहिणाऱ्याच्या मनात बहुतेक वेळा तसं काही नसतंच. इंग्रजी वार्ताहर साधं 'सेड' पसंत करतात ते याचसाठी.

अर्थात क्लेम दरवेळी संशय घेऊन येत नाही. गणितात क्लेम म्हणजे लगेच पुढे सिद्ध करायचं विधान, आणि पेटंटमध्ये शोधावरच्या हक्काची हद्द.

आर्ग्यूला मात्र 'विथ' लागून माणूस आला, की वाद घातला असा अर्थ होतो. 'आय आर्ग्यूड विथ माय गाइड' हे आभारप्रदर्शनात नको!

असर्टमध्ये ठामपणा असतो, आधार दिलेला असेलच असं नाही. मेन्टेन म्हणजे आक्षेप घेतले गेले तरी मत सोडलं नाही. त्यामुळे पहिल्यांदाच मांडलेल्या मताला ते शोभत नाही. कन्टेंडमध्ये समोर विरोधी बाजू गृहीत असते, म्हणून वकिलांच्या युक्तिवादात ते सारखं भेटतं. अलेज, म्हणजे आरोप करणं, हे सहसा सिद्ध न झालेल्या गैरकृत्यासाठी. कारखान्याने सांडपाणी नदीत सोडलं, हे अलेज होईल. कारखान्याने उत्पादन वाढवलं, हे नाही.

तुमच्या मसुद्यात 'क्लेम्स' शोधा आणि प्रत्येक ठिकाणी मूळ लेख उघडून बघा. तिथे पुरावा दिसला, तर शब्द बदला.