बांधावरचं भांडण, गच्चीवरची फांदी

प्रश्न : आजोबांच्या काळापासून आमचा ऊस शेजारच्या रानातल्या वाटेनं बाहेर पडतो. यंदा तोड यायच्या तोंडावर त्यांनी वाटेत चर मारला. सातबाऱ्यावर रस्त्याची नोंद नाही. (वाळवा तालुका)

उत्तर : चर कोणत्या तारखेला मारला, ते आधी लिहून ठेवा. मामलेदार न्यायालय अधिनियम, १९०६ च्या कलम ५ खाली तहसीलदार वहिवाटीची अडवलेली वाट खुली करून देऊ शकतात. पण अडवल्यापासून सहा महिन्यांत दावा लावावा लागतो. आणि नेमके तेच महिने आपली माणसं ‘भावकीतलंच आहे, हंगाम संपू दे’ म्हणत घालवतात. सातबाऱ्यावर नोंद नाही म्हणून हातपाय गाळू नका. इथं प्रश्न मालकीचा नाही, वापराचा आहे. चराचे फोटो काढा. मागच्या हंगामात तुमची ट्रॉली त्याच वाटेनं गेली, हे सांगणारे आजूबाजूचे दोघं-तिघं तयार ठेवा; जागेच्या पाहणीत त्यांच्या शब्दाला वजन असतं. मुळात वाटच नसेल, तर जमीन महसूल अधिनियमाच्या कलम १४३ खाली बांधावरून रस्ता मागता येतो, पण ते प्रकरण वेगळं.

चर मात्र स्वतः बुजवू नका. रात्रीत जेसीबी लावणारा सकाळी फिर्यादी राहत नाही, आरोपी होतो.

प्रश्न : शेजाऱ्यांच्या आंब्याची फांदी आमच्या गच्चीवर आलीय, पाल्यानं पन्हळ तुंबते. तोडू का? आणि आंबे कुणाचे? (विश्रामबाग, सांगली)

उत्तर : आंबे त्यांचेच. फांदी तुमच्या हद्दीत असली, तरी शहरात १९७५ चा वृक्ष संरक्षण कायदा आहे आणि झाडाला इजा करणंही त्यात ‘तोडणं’ धरलं जातं. महापालिकेच्या वृक्ष अधिकाऱ्यांकडे अर्ज करा. अर्जावर शेजाऱ्यांची सही मागायला स्वतः जा, पावसाळ्याआधी जा. निम्मी भांडणं त्या चहातच मिटतात, असा माझा अनुभव.

प्रश्न : वरच्या मजल्यावर रात्री साडेअकरापर्यंत कराओके चालतं. बोलायला गेलं की आमच्या पहाटे साडेपाचच्या मिक्सरवर बोट ठेवतात. (सातारा)

उत्तर : निवासी भागात रात्रीची मर्यादा ४५ डेसिबल आहे, खासगी जागेतल्या स्पीकरचा आवाज हद्दीवर त्याहून ५ डेसिबलपेक्षा जास्त चढता कामा नये. ऐकत नसतील तर ११२ ला फोन करा. पण नियमातली रात्र दहा ते सहा असते. मिक्सर अर्धा तास पुढे ढकला, मग वर जा.