घुमटाखालचं आकाश खरं किती?

प्रश्न: ताई, दांडिया बाजारात तुमच्या फुगवायच्या तारांगणाच्या घुमटात नातीला घेऊन आलो होतो. पूर्वी मुलांना कमाटीबागेतल्या तारांगणात नेत असे, तिथे आपण जमिनीवरून आकाश बघायचो. तुम्ही तर आम्हाला आकाशगंगेबाहेर नेऊन मागे वळून बघायला लावलंत. तिथवर एकही यान पोचलेलं नाही. मग ते दृश्य आलं कुठून? हे संशोधन की सिनेमा?
– एक आजोबा, वडोदरा

उत्तर: काका, दोन्ही आहे. कुठे एक संपतं आणि दुसरं सुरू होतं हे सांगायलाच तर मी आत माईक घेऊन बसते.

यानाचं म्हणाल तर अगदी खरं. १९७७ साली निघालेलं व्हॉयेजर-१ सगळ्यांत लांब गेलंय, तरी तिथला संदेश प्रकाशाच्या वेगाने आपल्याकडे जेमतेम एका दिवसात येतो. आकाशगंगेचा पसारा सुमारे एक लाख प्रकाशवर्षांचा, म्हणजे तो ओलांडायला प्रकाशालाच लाखभर वर्षं लागतात!

तिथवर पोचलंय ते मोजमाप. युरोपच्या 'गाया' यानाने डिसेंबर २०१३ मध्ये उड्डाण केलं आणि जानेवारी २०२५ पर्यंत ते तारे टिपत राहिलं. सूर्याभोवती फिरताना जवळचा तारा दूरच्या ताऱ्यांपुढे किंचित सरकलेला दिसतो, त्या सरकण्यावरून अंतर निघतं. नाकासमोर अंगठा धरून मुलांना एकेक डोळा मिटायला लावते ते याचसाठी. (आजोबा मंडळीही गुपचूप करून बघतात, मला दिसतं.) गायाने हे जवळपास दीडशे कोटी ताऱ्यांसाठी मोजलं. अंतर कळलं की तारे त्रिमितीत मांडता येतात, आणि एकदा मांडले की त्यांच्यामधून कुठूनही फिरता येतं. मी 'ओपनस्पेस' वापरते. न्यूयॉर्कचं नैसर्गिक इतिहासाचं संग्रहालय आणि स्वीडनचं लिनशॉपिंग विद्यापीठ यांच्या कामातून झालेलं हे सॉफ्टवेअर फुकट मिळतं.

नागमोडी भुजांचं ते देखणं चित्र मात्र चित्रकाराचं. अवरक्त आणि रेडिओ निरीक्षणांवर बेतलेलं, पण चित्रच. म्हणून मी ते मध्येच बंद करते. मग नुसते मोजलेले ठिपके उरतात आणि दिसतं काय, तर सूर्याभोवती झालेली गर्दी. सूर्य काही मध्यावर नाही, केंद्रापासून सुमारे २६ हजार प्रकाशवर्षं दूर आहे. पण मोजणारे आपण इथे. थंडीतल्या पहाटे धुक्यात सूरसागरच्या काठावर उभं राहिलं की जवळचेच दिवे मोजता येतात ना, तसं. तुमची नात तेव्हा म्हणाली, "मघाचं छान होतं." बरोबर आहे तिचं. पण मला हेच जास्त आवडतं.

त्याही पलीकडे दीर्घिकांचे, म्हणजे आपल्या आकाशगंगेसारख्या इतर तारकासमूहांचे, जे पसरट पंखे दिसले, ती स्लोन पाहणी, म्हणजे दुर्बिणीने केलेली आकाशाची मोजणी. मधल्या काळ्या जागा रिकाम्या नाहीत. आपल्याच आकाशगंगेतली धूळ आड येते, शिवाय न्यू मेक्सिकोतल्या त्या दुर्बिणीने सगळं आकाश पाहिलंच नव्हतं. याच पाहणीतून २०१७ साली पुण्याच्या आयुका आणि आयसर या संशोधन संस्थांच्या शास्त्रज्ञांनी 'सरस्वती' हा दीर्घिकांचा महासमूह शोधला. मीन राशीत, सुमारे ४०० कोटी प्रकाशवर्षं दूर. मी तिथे जरा जास्तच रेंगाळते.

वेग मात्र शुद्ध सिनेमा! प्रकाशाच्या वेगानेच न्यायचं म्हटलं तर पाऊण तासात आपण गुरूच्या आसपास पोचू. रंगही डोळ्यांना दिसतात त्याहून गडद असतात.

प्रश्न: आमच्या मंडळाला गणेशोत्सवात असं व्याख्यान ठेवायचंय. घुमटाचं भाडं परवडत नाही. काही उपाय?
– एक कार्यकर्ती, रावपुरा

उत्तर: घुमट नसला तरी भागतं. लॅपटॉपवर 'स्टेलेरियम' हे आकाश दाखवणारं सॉफ्टवेअर घ्या, तेही फुकट आहे. स्थान वडोदरा ठेवा म्हणजे ध्रुवतारा क्षितिजापासून २२ अंशांवर दिसेल, आपल्या गच्चीवरून दिसतो तेवढाच. पांढऱ्या भिंतीवर मोठं चित्र पाडा, लोकांना अगदी पुढे बसवा आणि मंडपातली रोषणाई खरोखर बंद करा. डेकोरेशनवाल्याशी हे आधीच बोलून ठेवा, तो ऐन वेळी ऐकत नाही. भाद्रपदात ढगांचा भरवसा नाही, त्यामुळे गच्चीवर जायचा बेत जाहीर करू नका. बोलणाऱ्याला सांगा, एकच विषय घे आणि मोजलेलं कुठलं, काढलेलं कुठलं ते सांगत जा. आणि कार्यक्रम आरतीच्या आधी ठेवा. प्रसाद वाटून झाला की कोणी थांबत नाही.