व्हिटमन काउंटी कशी आहे? पुलमनला शिकायला चाललो आहे, तिथे विद्यापीठाशिवाय काही आहे का?

मी पुलमनमध्येच शिकलो. तिथलं विद्यापीठ मुळात शेतकी कॉलेज म्हणून १८९० मध्ये स्थापन झालं, म्हणून आधी तिथल्या रानाबद्दल सांगतो.

ही काउंटी (म्हणजे आपल्याकडच्या जिल्ह्यासारखी) अमेरिकेतल्या वॉशिंग्टन राज्याच्या पूर्व टोकाला, आयडाहोला लागून आहे. सिअ‍ॅटलसारखा भुरभुर पाऊस आणि घनदाट झाडी इथे नाही. जिकडे पाहाल तिकडे पलूस टेकड्या, आणि त्या दगडाच्या नाहीत. हजारो वर्षं वाऱ्याने आणून टाकलेल्या बारीक मातीचे ते थर आहेत. पाऊस वर्षाला जेमतेम ५०० मिलिमीटर, तोही बराचसा हिवाळ्यात, काही बर्फाच्या रूपात. ही माती ओल धरून ठेवते, म्हणून बहुतेक सगळी शेती जिरायती असूनही गव्हाच्या उत्पादनात ही काउंटी अमेरिकेत आघाडीवर आहे. उतार इतके तीव्र, की कापणी यंत्राची चाकं उतारावर असली तरी वरचा सांगाडा सपाट राहील अशी त्याची रचना असते.

आपला संबंध इथेच येतो. खत वाढवलं की उंच गहू ओंबीच्या भाराने लोळायचा. पुलमनमधले शास्त्रज्ञ ऑर्व्हिल व्होगेल यांनी जपानच्या 'नोरिन १०' या बुटक्या वाणाचा संकर करून त्यावर उपाय काढला. त्यांच्याकडचं बियाणं मेक्सिकोत नॉर्मन बोरलॉग यांच्याकडे गेलं, आणि तिथले बुटके गहू साठच्या दशकात भारतात आले. हरितक्रांती शिकवताना बोरलॉग यांचं नाव येतं, व्होगेल यांचं क्वचितच. मला ते फार खटकतं.

पण ही जमीन रिकामी नव्हती. १८५८ मध्ये आताच्या रोझेलियाजवळ कर्नल स्टेप्टोच्या अमेरिकी सैन्याला इथल्या आदिवासींनी हरवलं. वर्षअखेरीआधीच अमेरिकी फौजेने पुन्हा चाल करून त्यांचा पाडाव केला. काउंटी झाली १८७१ मध्ये. कचेऱ्या आणि कोर्ट कोलफॅक्सला आहेत, तरी वर्दळ पुलमनलाच.

पहिल्याच वर्षी जूनमध्ये स्टेप्टो ब्यूट या एकट्या उभ्या उंच टेकडीवर जा, गाडीरस्ता थेट माथ्यापर्यंत आहे. सकाळी लवकर किंवा उन्हं कलल्यावर गेलात तर तिरप्या उजेडात प्रत्येक टेकडीचा उतार वेगळा दिसतो. आणि ऑगस्टच्या सत्रासाठी जात असाल तर पुलमनचा मसूर महोत्सव चुकवू नका. हा पट्टा मसुराचाही आहे, आणि तिथे मसुराची झणझणीत चिली (घट्ट रस्सा) फुकट वाटतात.