चाकणची नोकरी सोडून आयटीआयमध्ये शिकवायचं म्हणतो

ताई, नमस्कार.

तुमचं पत्र मिळालं. मुलगा मेकॅनिकल डिप्लोमा करून ५ वर्षं चाकणला कारखान्यात क्वालिटी विभागात (मालाच्या तपासणीत) आहे आणि आता आयटीआयमध्ये शिल्प निदेशक, म्हणजे तिथे हातचं काम शिकवणारा शिक्षक, व्हायचं म्हणतो. वडिलांनी साखर कारखान्याच्या हिशेब खात्यात ३२ वर्षं काढली, मग ह्याचीच ही धरसोड का, असं तुम्ही विचारलंय.

मला यात धरसोड दिसत नाही. तुम्हीच लिहिलंय की लाइनवर नवीन आलेल्या अप्रेंटिस पोरांना व्हर्निअर, मायक्रोमीटर ही मोजमापाची साधनं कशी धरायची ते तोच दाखवतो, आणि घरी फोन केला की त्या पोरांबद्दलच बोलतो. रिजेक्शनच्या आकड्यांबद्दल कधीच नाही. शिकवायला त्याने केव्हाच सुरुवात केलीय, ताई.

अमेरिकेतले मानसशास्त्रज्ञ डोनाल्ड सुपर यांनी माणसाच्या कामाच्या आयुष्याचे टप्पे मांडले. साधारण १५ ते २४ शोधाशोध, पुढे चव्वेचाळिशीपर्यंत जम बसवणं, मग बसलेला जम टिकवणं. पण काम बदललं की शोधाशोध पुन्हा सुरू होते, कुठल्याही वयात, हेही त्यांनीच सांगितलं. डॉ. श्रीराम लागू कान-नाक-घशाचे सर्जन होते. १९६९ साली, चाळिशी ओलांडल्यावर, ते पूर्णवेळ नट झाले. नाटक मात्र ते कॉलेजपासून करत होते.

आणि मुलाच्या वडिलांचं काम तरी ३२ वर्षं तेच होतं का? हातानं खतावणी लिहिणारा माणूस पन्नाशीत कॉम्प्युटरवर हिशेब करायला शिकला, असं तुमच्याच पत्रात आहे. हे सोपं नसतं. त्यांना मुलाशी यावर बोलू द्या, तुमच्यापेक्षा त्यांचं तो जास्त ऐकेल.

आता व्यवहाराचं. निदेशकाच्या जागेसाठी डिप्लोमासोबत कामाचा अनुभवही धरतात, तेव्हा चाकणची वर्षं वाया जात नाहीत. सीआयटीएस हा निदेशकांसाठीचा १ वर्षाचा प्रशिक्षणक्रम आहे, मुंबईत चुनाभट्टीच्या राष्ट्रीय कौशल्य प्रशिक्षण संस्थेत तो चालतो. पण सरकारी भरती कधी निघेल याचा भरवसा नसतो, आणि खासगी आयटीआयमध्ये सुरुवातीला पगार कमी मिळू शकतो. म्हणून वर्षभराचा खर्च बाजूला पडेपर्यंत आणि प्रवेश पक्का होईपर्यंत राजीनामा नको. त्याआधी रजा टाकून दोन दिवस जवळच्या आयटीआयच्या वर्कशॉपमध्ये परवानगी घेऊन बसायला सांगा, आणि तिथल्या निदेशकांना पगाराचं स्पष्ट विचारायला सांगा.